वजनाला कमी पडलेले डॉलर

मस्कतच्या रुवी भागात, मोठ्या रस्त्यामागच्या गल्लीत, चहावाला आणि शिंपी यांच्यामध्ये दोन हात रुंदीची एक जागा होती. तिथे डोळ्यात आयग्लास, म्हणजे घड्याळजीचं भिंग, खोचून जहूर परकार बसलेला असे. दुकान त्याच्या अर्बाबचं, म्हणजे ओमानी मालकाचं. पण अर्बाब महिन्यातून एकदा येऊन चहा पिऊन जाई, आणि सगळी गल्ली त्याला जहूरचं दुकानच म्हणे. रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावातून जहूर १९८७ साली मस्कतला आला तो वडिलांचे तीन चिमटे आणि एक आयग्लास घेऊन. वडीलही घड्याळजीच होते.

माणूस कामाचा पक्का, पण त्याला एक खोड होती. मळ त्याला बघवत नसे. नुसता सेल बदलायला कुणी घड्याळ दिलं, तर हा मागचं झाकण उघडणार, पट्ट्याच्या खाचेतली घाण टोकरून काढणार, घड्याळाच्या डबीला ब्रश मारणार आणि शेवटी छोट्या बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर, धरून असं चकचकीत करणार, की गिऱ्हाईक म्हणे, हे माझं नव्हेच. एका सुदानी मास्तरांनी तर स्वतःचं घड्याळ ओळखायला अर्धा तास घेतला होता. या जास्तीच्या कामाचे जहूर पैसे घेत नसे. वर मळ कुठे आणि कसा साचला होता, ते गिऱ्हाइकाला सविस्तर सांगत बसे.

१९९३ च्या थंडीत अहमद नावाचा एक म्हातारा त्याच्याकडे आला. मत्राहच्या सूकमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, त्याचं चांदीकामाचं दुकान होतं. बापाचं खिशातलं घड्याळ बंद पडलं होतं, ते त्याने पुढे केलं. जहूरने तीन दिवस त्यात घातले आणि घड्याळ चालू केलं. अहमदने मजुरी दिली, घड्याळ कानाला लावून ऐकलं, आणि खूश होऊन खिशातून एक काळपट जाड नाणं काढून काउंटरवर ठेवलं.

"ये तुम रखो. अमरीकी है. मेरे काम का नहीं, नाकिस है," तो म्हणाला.

नाकिस म्हणजे उणं. अहमदसारख्या जुन्या कारागिरांकडे चांदी तोलायला ग्रॅमची वजनं नसत. ऑस्ट्रियाच्या राणीचा छाप असलेलं एक जुनं नाणं असायचं, तेच त्यांचं वजन. गावोगावच्या बायका तीच नाणी आणून देत, ती वितळवून कारागीर कडी-तोडे घडवत. त्या ढिगात अधूनमधून अमेरिकेचा चांदीचा डॉलर निघे. एका पारड्यात राणी आणि दुसऱ्यात डॉलर ठेवला, की डॉलरचं पारडं वर जाई. सव्वा ग्रॅमचा फरक. मग अहमदचा बाप तो डॉलर बाजूला दुधाच्या पावडरीच्या डब्यात टाकी, आणि बापामागे अहमदही तेच करत आला होता. हे डॉलर मस्कतला आले कसे, ते त्यालाही नक्की ठाऊक नव्हतं. खजुराच्या जहाजांवरून आले असतील, म्हणे.

म्हातारा गेल्यावर जहूरने सहज आयग्लास लावून नाण्याकडे पाहिलं आणि त्याचा चहा तसाच निवून गेला. एका बाईचं डोकं होतं. केसांची बट न् बट कोरलेली. आणि केसांत फुलं नव्हेत, चक्क कापसाची बोंडं आणि गव्हाच्या ओंब्या. उलट बाजूला पंख पसरलेला गरुड, त्याच्याभोवती पानांची वेल, आणि वेलीच्या गाठीखाली मुंगीएवढं एक इंग्रजी अक्षर. इतकं बारीक काम त्याने फक्त भारी स्विस घड्याळांच्या पोटात पाहिलं होतं, तेही जे कुणी उघडत नाही अशा जागी. त्याने शिंप्याला हाक मारली, चहावाल्याला बोलावलं, एकेकाच्या डोळ्यात आयग्लास खोचून ती बोंडं दाखवली. मग ब्रश घेतला, नाणं पेट्रोलमध्ये बुडवलं, आणि बफवर धरून आरशासारखं करूनच घरी गेला.

तिथून त्याचा शुक्रवार मत्राहचा झाला. असरची, म्हणजे दुपारनंतरची, नमाज आटोपली की दार्सैतच्या घरून टॅक्सी, समुद्राकडेच्या रस्त्यावर उतरायचं, सूकच्या आत लोबानच्या वासातून तिसऱ्या गल्लीत. अहमद डबा पुढे सरकवी. एका नाण्याचे दीड रियाल, चांदीच्या भावाहून चार पैसे वर, आणि दोघांनाही सौदा बरा वाटे. एका शुक्रवारी फार तर एकच घ्यायचं, तेही मनात भरलं तरच, असा जहूरने स्वतःला नियम घातला होता. ते एक निवडायला दीड तास लागे. अहमद कधी कंटाळला नाही. तो तोपर्यंत कॉफी पाजी, आणि जहूर एकेका नाण्याबद्दल त्याला इतकं काही सांगे, की नाणी त्या म्हाताऱ्याची नसून जहूरचीच आहेत असं ऐकणाऱ्याला वाटावं. मध्ये मध्ये सुट्ट्या पडल्या, गावी जाणं झालं, नियम मोडला नि पुन्हा धरला. पण आठ वर्षांत सेहेचाळीस डॉलर जमले. घड्याळं मांडायच्या निळ्या मखमलीच्या ट्रेमध्ये ते ओळीने बसवलेले असत. सगळे धुतलेले, घासलेले, बफ केलेले. घरात दिवा लावला की भिंतीवर त्यांचा उजेड पडे.

"सेहेचाळीस सवती आणल्यात," त्याची बायको कुबरा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. "आनी सगल्यांचा तोंड एकसारखा. मंग एवढ्या कशाला वो?"

"तोंड एक हाय, साल येगला," जहूर म्हणे, आणि पाहुण्याच्या डोळ्यात आयग्लास खोची.

२००१ साली प्रेमानंद गायकवाड दुकानात आला. मूळचा औरंगाबादचा, मस्कतच्याच वादी अदाई भागात राहणारा, एका कंपनीत सिव्हिल इंजिनिअर. घड्याळाचा पट्टा बदलायला आला नि डॉलर बघत तासभर थांबला. जाताना म्हणाला, "जहूरभाई, ऑफिसात इंटरनेट आहे. यांच्या किमती काढून आणतो."

पुढच्या गुरुवारी तो आठ कागद घेऊन दार्सैतला घरीच आला. त्यावर साल, टाकसाळीचं अक्षर आणि किंमत. ते मुंगीएवढं अक्षर म्हणजे नाणं कुठल्या गावी पाडलं याची खूण, हे जहूरला त्या दिवशी कळलं. किमती बघण्याआधी प्रेमानंदने पाठकोऱ्या कागदावर एक हिशेब मांडला आणि हसायला लागला. राणीच्या नाण्यात भेसळ जास्त, डॉलरमध्ये कमी. डॉलर वजनाला उणा, पण त्यात निव्वळ चांदी राणीपेक्षा अर्धा ग्रॅम अधिकच. दोन पिढ्या अहमदचं घर चांगलं नाणं उणं म्हणून बाजूला टाकत आलं होतं.

मग जहूर साल वाचू लागला आणि प्रेमानंद कागदावर बोट फिरवू लागला. पंचवीस डॉलर. अठरा. वीस. पुन्हा अठरा. कुबरा दारात उभी राहून ऐकत होती. एकतिसावं नाणं उचलून जहूर म्हणाला, "अठराशे एकोणनव्वद. अक्षरं दोन हायत. सी, सी."

प्रेमानंदने विचारलं, "परत बघा. दोन?"

"दोन."

"जहूरभाई, हे कार्सन सिटीचं आहे. हे साडेसातशे डॉलरचं आहे."

जहूर उठून उभा राहिला, बसला, परत उठला. त्याने मुलीला, अफशीनला, शेजाऱ्यांना बोलवायला पाठवलं. तिने शेजारी जाऊन काय सांगितलं कोण जाणे, पण तिथून एक बाई फर्स्ट एडचा डबा घेऊन धावत आली. शनिवारपर्यंत ही बातमी चहावाल्यापासून कृष्णमंदिराच्या दारातल्या फुलवाल्यापर्यंत पोचली. जहूरने ती स्वतः पोचवली होती. चालताना त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते. तो आठवी नापास माणूस. त्याला ज्याने त्याने येऊन विचारावं आणि त्याने भिंग लावून सांगावं, असं आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं.

दुसऱ्या वर्षी, मार्चमध्ये, एका हॉटेलात नाणी आणि तिकिटांचं दोन दिवसांचं प्रदर्शन भरलं. तिथे एक म्हातारा इंग्रज बसणार होता, तो लोकांची नाणी पारखून किंमत सांगणार होता. जहूरने सुट्टी घेतली. सकाळी उठून त्याने सेहेचाळीसच्या सेहेचाळीस नाण्यांना पुन्हा एकदा बफ मारला, इस्त्रीचा शर्ट घातला आणि प्रेमानंदला सोबत घेऊन गेला.

इंग्रजाने ट्रेवरचं कापड बाजूला केलं. त्याने कार्सन सिटीचं नाणं उचललं, दिव्याखाली धरलं आणि लगेच खाली ठेवलं. मग दुसरं, मग तिसरं. मग उचलायचंही सोडून दिलं.

प्रेमानंद त्याचं बोलणं मराठीत सांगू लागला. "विचारतायत, ही पॉलिश कुणी केली?"

"मी. स्वतः केली. एकेक," जहूर अभिमानाने म्हणाला.

इंग्रजाने दिवा जवळ ओढला. मग त्याने जहूरला आपल्या बाजूला बोलावलं, नाणं दिव्याखाली तिरकं धरलं आणि बघायला सांगितलं. जहूरने आयग्लास लावला. हजार वेळा पाहिलेली ती बाई. तिच्या गालावर, कपाळावर, मागच्या मोकळ्या जागेवर एकाच दिशेने गेलेल्या बारीक बारीक रेघा होत्या, अंगणात खराट्याच्या उमटतात तशा. त्या त्याला आजवर दिसल्या नव्हत्या, कारण त्याने नाणं असं तिरकं कधी धरलंच नव्हतं. बोंडांच्या कडा बोथट झाल्या होत्या. ती झीज वापराची नव्हती, बफची होती. शंभर वर्षांत चांदीवर जी साय धरते तीच संग्राहकाला हवी असते, आणि ती एकदा गेली की परत येत नाही, असं प्रेमानंदने हलक्या आवाजात सांगितलं. कार्सन सिटीचं नाणं आता शंभरला कुणी घेतलं तरी नशीब. बाकीची चांदीच्या भावाने.

"हेसुद्धा म्हणतायत की," प्रेमानंद शेवटी म्हणाला, "इतकं सफाईचं पॉलिश त्यांनी पाहिलं नव्हतं."

जहूरने आयग्लास खिशात ठेवला. साडेसातशे डॉलर गेले याचं त्याला फार वाईट वाटलं नाही. ते त्याच्या हातात कधी आलेच नव्हते. ती नाणी शंभर वर्षं समुद्रातून, बाजारातून, मातीतून धडधाकट निघाली होती आणि त्याच्या लाडाने मेली होती, हे मात्र त्याला सोसवेना. वर बातमी पसरलेली. त्यानेच पसरवलेली. गल्लीत त्याला ‘डॉलर धोबी’ नाव पडलं, आणि चहावाला रोज सकाळी विचारू लागला, आज किती नोटा भिजत घातल्यात.

त्याने मत्राहला जाणं सोडलं. ट्रे कपाटाच्या वर गेला. कुबराने सवतींचं नाव काढणं बंद केलं, त्यावरून तिलाही किती लागलं होतं ते कळावं. दुकानात आलेल्या घड्याळाचा सेल बदलून तो मुकाट परत देई. गिऱ्हाइकं म्हणू लागली, जहूरभाईंची तब्येत बरी दिसत नाही.

असं वर्ष गेलं. पण माणसाची हौस अशी मरत नाही. २००३ च्या एका शुक्रवारी दाढी करताकरता जहूर कुबराला म्हणाला, "मना एकच पायजे. एकच खरा. मलका असंल तसा मलका. मी हात नाय लावनार. पन वलखायचा मीच, माज्या डोल्यानी. मंग हसू देत लोकांना."

"जावा," कुबरा म्हणाली. "पन तो ब्रश हितंच ठेवून जावा."

अहमदने त्याला पाहून वर्षभराचा जाब विचारला नाही. कॉफी ओतली आणि डबा पुढे सरकवला. डब्यात आता सहाच नाणी उरली होती. "खलास," तो म्हणाला. "अब लोग लाता नहीं."

जहूरने नाणी कडेला धरून एकेक उचलली. बोट मधोमध लागू दिलं नाही. पहिलं १९२१, तेही सामान्य. दुसरं तसंच. तिसऱ्याला भोक पाडलेलं. चौथं, पाचवं, दोन्ही त्याच्याकडे होती तीच. सहावं त्याने आधी पाहिलेलं नव्हतं, सगळ्यांत काळं, तव्याच्या बुडासारखं. त्याने ते तिरकं धरलं. रेघा नव्हत्या. बाईचा गाल झिजलेला, पण नैसर्गिक, हाताळून हाताळून झिजलेला. साल अठराशे त्र्याण्णव. त्याने नाणं उलटलं. वेलीच्या गाठीखाली एक अक्षर होतं, एस.

त्या आठ कागदांतली ती ओळ त्याला पाठ होती. त्या साली त्या टाकसाळीने जेमतेम लाखभर डॉलर पाडले होते. पूर्ण यादीत याहून दुर्मीळ असं बोटावर मोजण्याइतकंच काही होतं.

"अहमदचाचा," जहूर ओरडला, आणि शेजारचे दोन दुकानदार उठून दारात आले. "चाचा, ये तिरानवे का है. एस है. ये दो हजार डॉलर का है, दो हजार से कम नहीं. देखो, इधर देखो, कितना अच्छा है, किसी ने हाथ नहीं लगाया."

अहमदने नाणं त्याच्या हातातून घेतलं. दो हजार ऐकून तो गडबडला होता. नीट दिसावं म्हणून त्याने सवयीने पायाने पॉलिशच्या चाकाची मोटर सुरू केली आणि नाणं फिरत्या चाकाकडे नेलं, जसं तो प्रत्येक काळ्या चांदीला नेतो तसं.

जहूरने बाकावरून झेप घेऊन त्याचं मनगट पकडलं. कॉफी सांडली. दोघं तसेच उभे राहिले, चाक त्यांच्यापासून चार बोटांवर फिरत होतं.

"नहीं चाचा," जहूर म्हणाला. "घिसना नहीं. कभी नहीं. मैंने छियालिस मारे हैं."

अहमदने मोटर बंद केली. त्याला अजून पटलं नव्हतं. त्याने तराजू काढून एका पारड्यात राणी ठेवली, दुसऱ्यात डॉलर. डॉलरचं पारडं नेहमीसारखं वर गेलं. त्याने पारड्याकडे पाहिलं, जहूरकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "मैं तुमको कितने में देता हूँ?"

"डेढ़ रियाल में."

"तो आज भी डेढ़ में देता. तुम बोला क्यों?"

तेव्हा कुठे जहूरच्या डोक्यात प्रकाश पडला. गप्प बसता आलं असतं. दीड रियाल टाकून, नाणं रुमालात बांधून, कॉफी संपवून बाहेर पडता आलं असतं. हा विचार त्याच्या मनाला शिवून गेला आणि त्याने सोडून दिला असं झालं नव्हतं. तो आलाच नव्हता. नाणं ओळखलं त्या क्षणी ते कुणाला तरी दाखवण्यावाचून त्याला दुसरं काही सुचलंच नव्हतं. आता मात्र तो बाकावर बसला आणि दोन हजार डॉलरचे रियाल बोटांवर मोजू लागला.

अहमदने नाणं रुमालात गुंडाळलं आणि झग्याच्या आतल्या खिशात ठेवलं. त्याच्या नातीला डॉक्टरकी शिकायला बाहेर पाठवायचं घाटत होतं. घरात तोच एक विषय होता. त्याने जहूरच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसरी कॉफी ओतली.

घरी कुबराने सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे वलखलात तुमी," ती म्हणाली.

"वलखला."

"घासलात नाय."

"चाचा घासत व्हता. मी हात धरला."

दोन हजार डॉलरच्या बाबतीत ती काय बोलते याची जहूर डोळे मिटून वाट बघत होता. "बरा," ती म्हणाली, आणि स्टुलावर चढून कपाटावरचा ट्रे खाली काढू लागली.

पुढच्या मार्चला तोच इंग्रज परत आला. अहमद, जहूर आणि प्रेमानंद असे तिघं टॅक्सीने गेले. अहमदने रुमाल उलगडला. इंग्रजाने नाणं दिव्याखाली तिरकं धरलं, उलटलं, परत उलटलं. यावेळी त्याने ते खाली ठेवलं नाही. पाच मिनिटं गेली. मग त्याने वर न बघता एक प्रश्न विचारला.

"हे कधी साफ केलंय का, म्हणतायत," प्रेमानंद म्हणाला.

अहमदने आपलं मनगट पुढे करून दाखवलं. "मैं करनेवाला था," तो म्हणाला. "ये आदमी ने पकड़ लिया. इसी ने पहचाना. और पहचान के मेरे को बता दिया, बाद में नहीं, खरीदने से पहले."

प्रेमानंदने ते इंग्रजीत सांगितलं. इंग्रजाने मान वर केली आणि जहूरला ओळखलं. गेल्या खेपेचा पॉलिशवाला. तो खुर्चीवरून उठला. त्याच्या टेबलावर दिवसभरात लोकांनी आणून दिलेल्या नाण्यांची एक थाळी होती, तिसेक असतील, बहुतेक डॉलर. ती त्याने जहूरकडे सरकवली आणि आपली रिकामी खुर्ची हाताने मागे ओढली.

"तुम्ही आधी बघा म्हणतायत," प्रेमानंद म्हणाला. "मग ते बघतील."

जहूर बसला. त्याने खिशातून आयग्लास काढून डोळ्यात खोचला, दोन्ही हात पँटीला स्वच्छ पुसले, आणि पहिलं नाणं कडेला धरून उचललं.